जीपमध्ये कोण बसलंय?

"मराठवाड्याच्या जमिनीचा प्रश्न ज्यांना मुळापासून कळला अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, आणि त्यांत डॉ. द. वि. कानडगावकर यांचं नाव अग्रभागी घ्यावं लागेल." हे वाक्य सरांच्या पंचाहत्तरीच्या मानपत्रात आहे. मानपत्राचा कागद चंदनी रंगाचा होता, चौकट सोनेरी होती, आणि ते वाचून दाखवणाऱ्या माजी प्राचार्यांनी 'मुळापासून' या शब्दावर असा काही जोर दिला की पहिल्या रांगेतले दोघे जागे झाले. मजकूर मी लिहिला होता. मानपत्र लिहिणाऱ्यानं खरं लिहायचं नसतं, खोटं सापडणार नाही एवढंच बघायचं असतं. तेवढं मी बघितलंय अशी माझी समजूत होती.

सर आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली तात्पुरता अधिव्याख्याता होतो. 'तात्पुरता' हा शब्द पुढे दोनदा उपयोगी पडणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागेची. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत आणि ते हर्सूलच्या तुरुंगाच्या बरंच अलीकडे संपायचं. सर तेव्हा डॉक्टर व्हायचे होते.

उंच, जरासे पुढे वाकलेले, उजव्या पायाला पँट चिमट्यानं आवळलेली. सायकलवरून उतरल्यावरही तो चिमटा काढायचं त्यांच्या लक्षात यायचं नाही. दिवसभर त्यांचा एक पाय बोरूसारखा आणि दुसरा माणसासारखा दिसे. कोऱ्या कागदावर लिहिणं त्यांना उधळपट्टी वाटायची, म्हणून ते जुन्या उत्तरपत्रिकांच्या मागच्या पानांवर लिहीत. त्यामुळे त्यांच्या टिपणांच्या पाठीवर मुलांनी सांगितलेल्या मागणीच्या नियमाच्या व्याख्या असायच्या, बहुतेक चुकीच्या. "मला वाटतं" हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. ते "असं दिसतं" म्हणायचे. माईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला तरी सर एक घोट घेऊन म्हणायचे, "साखर नसल्याचं दिसतं." माई आतून म्हणायच्या, "दोन महिने झाले तसं दिसायला लागून."

सरांना मतं नव्हती, निरीक्षणं होती. विभागातल्या भांडणात दोन्ही बाजू त्यांना आपल्याकडे ओढू बघायच्या आणि दोन्ही बाजूंना ते वहीत टिपून घ्यायचे. त्यांचं एक वाक्य मी पुढे वर्षानुवर्षं वर्गात वापरलं: "एका तोंडाचं उत्तर म्हणजे अफवा. दोन तोंडांचं म्हणजे माहिती."

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता युद्ध चालू असलेल्या देशातल्या जमीन सुधारणांमागचा अर्थविचार. देश म्हणजे व्हिएतनाम, त्याचा दक्षिण भाग. आमच्याकडे कुणाला त्या देशाचं काही पडलेलं नव्हतं, आणि सर स्वतः नागपूरच्या पुढे गेले नव्हते. पण त्यांच्या खोलीत मासिकातून कापलेला एक नकाशा होता आणि त्यात माईंच्या शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या टोचलेल्या होत्या. सगळी माहिती विद्यापीठाच्या ग्रंथालयात बोटीनं येणाऱ्या परदेशी नियतकालिकांतून मिळायची, त्यामुळे सरांच्या खोलीतलं युद्ध खऱ्या युद्धाच्या चार-पाच महिने मागे चालायचं. एकदा प्राचार्य पेपर फडकावत आले आणि म्हणाले, "कानडगावकर, तुमच्याकडे शस्त्रसंधी झाला!" सर नकाशाकडे बघून म्हणाले, "माझ्याकडे अजून पावसाळा आहे."

हा विषय ते शिकवायला लागले की मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकायची. फळ्यावर दोन रेषा काढायच्या, खडू खिशात टाकायचा, आणि सुरू.

"बटईनं कसणाऱ्याच्या घामात अर्धा वाटा मालकाचा. शेणखताची पहिली गाडी तो टाकतो, कारण पोट आहे. दुसरी गाडी का टाकावी? तिच्यातलंही अर्धं मालकाच्या खळ्यात जाणार. आता जमीन त्याच्या नावावर करा. दुसरी गाडी आपोआप येते. हा झाला शांत देशातला सिद्धान्त. युद्धाच्या देशात आणखी एक गोष्ट होते. ज्याच्या नावावर शेत आहे, तो बंदूकवाल्याला घरात लपवत नाही. म्हणजे एक सातबारा एका शिपायाचं काम करतो, आणि त्याला पगार द्यावा लागत नाही."

इथे ते चष्मा काढायचे. चष्मा काढला की 'पण' येणार हे वर्गाला ठाऊक होतं.

"पण त्या देशात बंडखोरांनी आधीच जमिनी वाटल्या होत्या. मालक शहरात पळाले होते. सरकारी फौजेनं गाव परत जिंकलं की फौजेच्या मागोमाग एक जीप यायची. जीपमध्ये मालक. मागच्या सगळ्या वर्षांचा खंड मागायला आलेला. पुढे सरकारनं फार चांगला कायदा केला. कसणाऱ्याला जमीन दिली, कागद दिला. कायद्यात एकही चूक मला सापडलेली नाही. शेतकरी मात्र कायदा वाचत नव्हता. जीपमध्ये कोण बसलंय, ते बघत होता."

पिशोरच्या एका मुलानं हात वर केला होता. "सर, आमच्या गावात जीपच नाय. मग छकड्यात कोण बसलं ते बघायचं का?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "वाहन गौण आहे," ते म्हणाले आणि ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

त्यांचं हे वाक्य कॉलेजभर झालं. प्राचार्यांचं परिपत्रक आलं की शिपायापासून ग्रंथपालापर्यंत कुणीतरी म्हणायचंच, "जीपमध्ये कोण बसलंय?" मुलं त्यांना जीपसर म्हणत. सायकलवरून येणाऱ्या माणसाला असं नाव पडलं याचं सरांना काही वाटलं नाही. त्यांनी तेही टिपून ठेवलं असेल.

मार्गदर्शकांनी मात्र अडवलं. नुसता परदेश नको, तुलनेला आपल्याकडचं काहीतरी घाला, म्हणाले. मग सरांनी नऊ पानांचा फॉर्म केला, तो सायक्लोस्टाइल करून घेतला, आणि इतर गावांबरोबर आम्ही हर्सूलच्या पलीकडचं एक गाव निवडलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण आता ते गाव राहिलेलं नाही, वॉर्ड झालेला आहे. फॉर्मच्या माथ्यावर 'पाहणीस जाण्याचे साधन' असा रकाना होता. ऑफिसच्या प्रवासभत्त्याच्या नियमात तो बसत होता म्हणून. पुढे 'बटईदाराचे उत्तर' आणि शेवटच्या पानावर 'पडताळणी'. त्या शेवटच्या पानाकडे मी फारसं लक्ष दिलं नाही. फॉर्मची शेवटची पानं कोण वाचतं?

प्रश्न मुळात एकच होता: हे शेत खरोखर कोण कसतं? सरकारी दप्तरात त्याचं उत्तर सगळीकडे एकच असायचं, 'खुद्द'. म्हणजे मालक स्वतः कसतो. त्या गावातली बरीचशी जमीन आबासाहेबांची होती आणि आबासाहेब शहरात राहत, शुभ्र धोतर नेसत, आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर होते. नांगराची मूठ त्यांनी दसऱ्याला पूजेपुरतीच धरली असेल. कूळ म्हणून कुणाचं नाव कागदावर चढू नये म्हणून बटई तोंडी, आणि वर्षा-दोन वर्षांनी शेत बदलायचं. आज ओढ्याकाठचं, पुढच्या साली माळाचं. एका तुकड्यावर माणूस मुरू द्यायचा नाही.

भिवा मात्र मुरला होता. तो आणि त्याची बायको सोनाबाई मूळचे मेंढरांमागे फिरणारे. चौदा वर्षांपूर्वी या गावात टेकले, कारण ओढ्याच्या वरचं ते खडकाळ रान दुसरं कुणी घेत नव्हतं. दोघांनी दगड वेचून बांध घातला. मालकाची अर्धवट सोडलेली विहीर होती, ती दोन माणसं खोल त्यांनीच खणली. पाणी लागलं. चांगलं झालेलं रान मालकानं का बदललं नाही, हे मी भिवाला विचारलं होतं.

"इसरला आसंल," भिवा म्हणाला. "आमी बी ध्यान दिवू दिलं नाय. अर्धं माप सांगायच्या आधी खळ्यावर नेऊन टाकायचं. मालकाला आठवण यायला कारणच ठिवलं नाय."

पहिल्या दिवशी सोनाबाईनं मला आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. माझे वडील धम्म घेऊन, गाव सोडून शहरात हमालीला आलेले. आमच्या घरात जमीन कधीच नव्हती, त्यामुळे मी निःपक्षपाती राहीन अशी सरांना खात्री होती. सोनाबाईनं आडनाव ऐकलं, आत गेली, आणि ज्या पितळीत भिवा पीत होता तसल्याच पितळीत मला चहा दिला. मी हे त्या नऊ पानांत कुठं लिहावं ते मला कळलं नाही.

सर त्यांना भेटायला सायकलवरून आले, पायाला चिमटा लावून, आणि बांधावर बसून त्यांनी भिवाला शेणखताच्या दुसऱ्या गाडीचा सिद्धान्त सांगितला. भिवानं सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

"तसं नाय मास्तर," तो म्हणाला. "अर्धं त्याला जातंय म्हणूनच दुसरी गाडी टाकावी लागती. एका गाडीच्या अर्ध्यात आमचं दोघांचं भागंल व्हय?"

सोनाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "आन् अर्धीच गाडी टाकायची तर पिकाला सांगायचं कुणी, की बाबा तू मालकाकडल्या अंगानं वाढू नको म्हणून?"

सर इतके आनंदले की त्यांनी चष्मा काढला. "हे फार महत्त्वाचं आहे," ते मला म्हणाले. "सिद्धान्त इथे अपुरा पडल्याचं दिसतं." अशा वेळी ते फार गोड माणूस वाटायचे. आपण चुकलो हे ऐकून ज्याचा चेहरा खुलतो, असा प्राध्यापक मी दुसरा बघितलेला नाही.

भिवा अंगठा द्यायला मात्र तयार नव्हता. कागद म्हटला की त्याचा हात धोतरामागे जायचा. मग सरांनी त्याला जीपची गोष्ट सांगितली. तो दूरचा देश, ते भात, तो कायदा, ती जीप. भिवा आणि सोनाबाई दोघंही थांबून ऐकत होते.

"मग त्या पेरणाऱ्यांनी काय केलं?" सोनाबाईनं विचारलं.

"ते जीपमध्ये कोण बसलंय ते बघायला शिकले."

"आन् तुमी?" भिवा म्हणाला.

"मी सायकलवर आलोय," सर म्हणाले.

भिवा हसला. आणि मग मी, तात्पुरता अधिव्याख्याता, पुढे होऊन म्हणालो, "ह्या कागदावरचं नाव कुणाला दिसणार नाही. माझा शब्द." त्याचा अंगठा मी स्वतः शाईच्या डबीवर टेकवला. तो फॉर्म नंबर सतरा. त्या गावात असे एकवीस अंगठे आम्ही घेतले. सतरावा बघून बाकीच्यांनी दिले, असंही म्हणता येईल.

पुढच्या पावसानं दगा दिला. विहीर तळाला गेली तरी थोडी पाझरत होती. गावातल्या निम्म्या बायका भिवाच्या बांधावरून घागरी भरून न्यायच्या. थंडीच्या दिवसांत मी एकदा राहिलेली मापं लिहायला तिथे गेलो होतो. भिवा आणि मी कट्ट्यावर बसलो होतो. ओढ्याच्या वळणावर धुरळा उठला.

जीप होती. आबासाहेब स्वतः चालवत होते. त्यांच्या शेजारी सर बसले होते, मांडीवर लाल कापडात बांधलेला फॉर्मांचा गठ्ठा, वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरलेला.

भिवा उठून उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तर, जीपमधी कोण बसलंय?"

नंतर सरांनी मला जे सांगितलं ते इथेच सांगतो, कारण त्यात खोटं काही नव्हतं. शेवटच्या पानावरची पडताळणी करायला ते सायकलवरून आबासाहेबांच्या शहरातल्या घरी गेले होते. तुमचा बटईदार असं म्हणतो, तुमचं काय म्हणणं आहे? एका तोंडाची अफवा, दोन तोंडांची माहिती. आबासाहेबांनी फॉर्म शांतपणे वाचले, सगळे एकवीस, चहा पाजला, आणि म्हणाले, "घरात बसून कशाला? चला, शेतावरच जाऊ. समोरासमोर होऊन जाऊ द्या." सरांना याहून उत्तम काय हवं होतं? दोन्ही तोंडं एकाच ठिकाणी. सायकल तिथेच ठेवून ते जीपमध्ये बसले.

आबासाहेब खाली उतरले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, गरजही नव्हती.

"काय रे भिवा, चौदा वर्षं बटईनं? असं लिहिलंय इथं."

"लिवणारानं लिवलंय, मालक. मला कुठं वाचता येतंय?"

"तू गडी आहेस ना माझा? सालावर?"

सोनाबाई विहिरीपाशी घागर घेऊन उभी होती. भिवानं तिच्याकडे बघितलं, मग विहिरीकडे. मला वाटलं तो माझ्याकडे बघेल. त्यानं बघितलं नाही.

"व्हय," तो म्हणाला.

सरांनी टोपण काढून पेन हातात घेतलं होतं. त्यांनी लिहिलं. मी त्यांना लिहिताना बघितलं आणि काय लिहिलं ते बघायला पुढे झालो नाही. त्या दिवशी एकवीसच्या एकवीस घरांपुढे जीप थांबली. आबासाहेबांनी सरांना संध्याकाळच्या आत शहरात पोचवलं. माणूस वेळेचा पक्का होता. सरांची सायकल दुसऱ्या दिवशी मी आणली. मागच्या चाकात हवा नव्हती.

"सर, हे काय केलंत?" मी सायकल हातात धरून त्यांच्या दारात उभा राहून विचारलं.

"पडताळणी," ते म्हणाले. आणि मला समजलं नसल्याचं बघून, शिकवताना लावायचे त्या आवाजात पुढे म्हणाले, "त्याशिवाय ते उत्तर राहत नाही. नुसती तक्रार राहते."

पाडव्याला गड्यांची सालं बदलतात. त्या पाडव्याला भिवाच्या रानात दुसऱ्याच माणसाची बैलजोडी आली. भांडण झालं नाही. भिवा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. नाहीतरी सगळा मुलूखच खडी फोडत होता, त्यामुळे कोण दुष्काळानं आलंय आणि कोण जीपनं, हे बघून ओळखू येत नव्हतं. बाकी विसांमधले किती गेले ते मी मोजलं नाही. मोजायला फॉर्म नव्हता.

सोनाबाई मात्र तहसीलीत गेली. तिथल्या कारकुनानं तिला विचारलं, "चौदा वर्षं कसलं म्हणतेस, पण कागद आहे का काही?" ती म्हणाली, "हाय. थोरल्या मास्तराकडं हाय." आणि ती चालत शहरात आली, कॉलेज विचारत विचारत आमच्या विभागात. दुष्काळी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची पिशवी काखेत, पायांवर खडीची पांढरी पूड. मी तिला पाणी दिलं आणि सरांच्या खोलीत घेऊन गेलो. नकाशासमोर ती खाली बसली. सर खुर्चीवरून उठले आणि तेही खाली बसले. हे सांगायला हवं.

"तेवढा कागुद द्या, मास्तर," ती म्हणाली. "तारीख हाय तहसीलीत. दाखवून माघारी आणून देते. माझ्या धन्याचा अंगठा हाय त्याच्यावर."

सरांनी चष्मा काढला. "सोनाबाई, ते कागद पुराव्याचे नाहीत. अभ्यासाचे आहेत."

"मंजी खोटे हायत?"

"खोटे नाहीत."

"मग?"

"ज्यानं माहिती दिली त्याचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही, असा आमचा नियम आहे. शब्द दिलाय आम्ही."

सोनाबाईनं माझ्याकडे बघितलं. शब्द देणारा कोण होता ते तिला आठवत होतं. मग परत सरांकडे वळली. आवाज चढवला नाही तिनं.

"मला दिला व्हता ना शब्द? मीच म्हन्ते दावा म्हणून. आबासायबाला दावला तवा कुठं गेला व्हता नियम?"

"ती पडताळणी होती," सर म्हणाले.

"त्याच्यासाठी पडताळनी आन् माझ्यासाठी नियम."

हे उत्तर सरांना वहीत लिहावंसं वाटलं असणार, त्यांचा हात खिशापर्यंत गेला होता. खिशात खडू होता. शेवटी ते म्हणाले, "प्रबंध अजून दिलेला नाही. कागद कचेरीत गेले तर मी बाजू घेतली असं होईल. मग सगळंच काम वाया गेल्याचं दिसेल."

"आमचं काम दिसलं नाय व्हय तुमाला?" सोनाबाई उठली. दारात थांबून तिनं नकाशाकडे हात केला. "ह्यो तुमचा त्यो देश का? तितले लोक बरे मंग. त्यांच्याकडं निदान फौज तरी संगं यायची. आमच्याकडं नुसता मास्तर पुरला."

कपाटाला कुलूप होतं आणि त्याची एक किल्ली माझ्या टेबलाच्या खणात असायची. हे मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. फाटकापर्यंत मी तिच्याबरोबर गेलो आणि म्हणालो, तारखेला मी येतो, तोंडी सांगतो. त्या दिवशी माझं परीक्षेचं पर्यवेक्षण लागलं. बदलून मागता आलं असतं. पण कार्यकारिणीवर कोण होतं ते मी सांगितलंच आहे, आणि माझी नेमणूक तात्पुरती होती. पुढच्या जूनमध्ये ती कायम झाली.

सर घाबरले होते की त्यांचा खरोखर नियमावर विश्वास होता, हे मला लोक विचारतील म्हणून मी पुष्कळ वर्षं उत्तर शोधून ठेवलं. कुणी विचारलं नाही. माझ्यापुरतं एवढंच: भेकड माणूस ओळखायला सोपा असतो, तो नजर चुकवतो. सरांनी सोनाबाईपासून नजर चुकवली नव्हती. त्याचाच मला अधिक राग आहे.

भिवा-सोनाबाई परत मेंढरांकडे गेली. दुसऱ्याची मेंढरं अर्धलीनं, म्हणजे होणाऱ्या कोकरांतली निम्मी मालकाची. मी त्यांना पुन्हा भेटलो नाही. कुणीतरी सांगितलं कन्नडकडे दिसली होती. शहर वाढत हर्सूल ओलांडून गेलं. ओढ्याच्या वरच्या रानाचे प्लॉट पडले, विहीर बांधकामाच्या राड्यारोड्यानं बुजवली, आणि तिथे उन्हाळ्यात टँकर येतो. सर डॉक्टर झाले, विभागप्रमुख झाले, समित्यांवर गेले. जीपची गोष्ट त्यांनी त्यानंतर वर्गात कधी सांगितली नाही. मुलं बदलली, टोपणनाव राहिलं. का पडलं ते कुणाला माहीत नव्हतं.

शेवटचं त्यांना भेटलो ते पुंडलिकनगरच्या घरी, पंचाहत्तरीच्या सत्कारानंतर वर्षभरानं. माई गेल्या होत्या. मानपत्र भिंतीवर होतं, नकाशा नव्हता. खुर्चीत बसून सर बिनसाखरेचा चहा पीत होते, आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून. पायजम्याच्या उजव्या पायाला चिमटा होता. सायकल विकून किती वर्षं झाली होती कोण जाणे.

त्यांनी खाटेखालून लाल कापडाचा गठ्ठा ओढून माझ्यापुढे ठेवला. कापड जागजागी विटलं होतं.

"हे तू ने," ते म्हणाले. "आता गोपनीयता संपल्याचं दिसतं."

मी गाठ सोडायला लागलो तर म्हणाले, "इथे नको. घरी." आणि मी जिन्याशी पोचल्यावर मागून म्हणाले, "सतरा नंबर वरच ठेवलाय."

मी रस्त्यावर येऊन स्कूटरला किक मारली तेव्हा ते गॅलरीत आले होते. कठड्याला धरून, जरासे पुढे वाकून, मी कशावर बसून जातोय ते बघत होते. सहा आठवड्यांनी ते गेले.

घरी आल्यावर गठ्ठा सोडला. सतरा नंबर वर होता. अंगठा अजून निळा होता, मी जरा तिरका टेकवल्यामुळे एका बाजूला फराटलेला. माथ्यावर 'पाहणीस जाण्याचे साधन' या रकान्यात दोन नोंदी होत्या, पहिल्या भेटीला सायकल, दुसऱ्या भेटीला जीप. सरांनी काही लपवलं नव्हतं. शेवटच्या पानावर पडताळणीखाली, त्या दिवशी लिहिताना मी न बघितलेली ओळ होती: 'मालकासमक्ष उत्तर बदलले. वगळावे.' बाकीचे वीस चाळले. विसांवर तीच ओळ.

मग मी ते केलं जे मानपत्र लिहिण्याआधी करायला हवं होतं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन सरांचा प्रबंध काढून घेतला. युद्धाच्या देशावरची प्रकरणं आजही वाचावीत इतकी चांगली आहेत. जीपवर अडीच पानं आहेत. शेवटच्या परिशिष्टात तुलनेसाठी घेतलेल्या गावांचा हातानं आखलेला तक्ता आहे. आमच्या गावापुढे, दप्तराबाहेरचे बटईदार किती, या रकान्यात सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय: निरंक.